सरांच्या चार खुंट्या

भास्कर सरांच्या शेजारी बसून बसचा प्रवास करणं ही आम्हां मुलांना शिक्षाच वाटायची. पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या गाडीत सर खिडकीशी बसत, छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरत, आणि गाडी सुटली की रस्त्याच्या कडेच्या घरांना मार्क द्यायला लागत. "वेल सायटेड," ते पुटपुटत. दोन वळणं गेली की, "बॅडली सायटेड." एखादा काचांचा नवा बंगला दिसला की चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून म्हणत, "व्हेरी बॅडली." नवीन कंडक्टरला वाटे, हे कुठल्यातरी खात्याचे साहेब आहेत, यांच्याकडे तिकीट मागावं की नाही. जुने कंडक्टर हसत आणि आधी तिकीट फाडत.

सर इंग्रजी शिकवायचे. इंजिनियर नव्हते, गवंडी नव्हते, वास्तुशास्त्र सांगून पोट भरणाऱ्यांपैकी तर मुळीच नव्हते. तरी पेडणे तालुक्यात नि त्यांच्या गावाकडे दिवचलीत मिळून चाळीसेक घरं तरी अशी आहेत, की ती जिथं आहेत तिथं सरांनी सांगितलं म्हणून आहेत. हे सगळं सुरू झालं ते आमच्या नववीच्या वर्गात, एका क्रियापदावरून.

धड्यात कुठंतरी 'साइट' हा शब्द क्रियापद म्हणून आला होता. सरांनी विचारलं, साइट म्हणजे काय? सगळ्या वर्गाचे हात वर. साइट म्हणजे जिथं खडी पडलेली असते, जिथं काका सकाळी जातात, जिथं टिप्पर उलटतात. सर म्हणाले, हे झालं नाम, ते तुम्हांला कळतं, कारण त्याच्यावर उभं राहता येतं. याच नावाचं एक क्रियापद आहे, त्याला कुणी विचारत नाही. टू साइट. इमारत कुठं असावी ते ठरवून तिथं ती ठेवणं. बांधणं नव्हे. बांधण्याच्या आधीचं काम. आपण म्हणतो, घर नदीकाठी आहे. जसं काही ते तिथं उगवलं. इंग्रज म्हणतो, ते तिथं ठेवलं गेलंय. ठेवलं गेलंय म्हटलं की ठेवणारा आला. आणि ठेवणारा आला की बरं ठेवलं की वाईट ठेवलं, हेही आलंच. म्हणून या क्रियापदाच्या मागंपुढं बहुतेक वेळा वेल नाहीतर बॅडली बसलेलं सापडतं.

आम्ही माना डोलावल्या. सरांना डोलणाऱ्या मानांचा अनुभव होता. त्यांनी आम्हांला उठवून मैदानावर नेलं, हातात सुंभाची दोरी आणि चार खुंट्या दिल्या आणि सांगितलं, इथं एक घर ठेवा. आम्ही पंधरा मिनिटं भांडून मैदानाच्या अगदी मधोमध घर ठेवलं. मधोमध का, त्यांनी विचारलं. सर म्हणाले, मी सांगतो, मधे रिकामं दिसलं म्हणून. पुढच्या आठवड्यात पाऊस कोसळत असताना ते आम्हांला छत्र्यांसकट पुन्हा तिथं घेऊन गेले. हेडमास्तरांच्या खोलीच्या पागोळ्यांचं पाणी ओहोळ होऊन बरोबर आमच्या घराच्या स्वयंपाकखोलीतून वाहत होतं. सर ओरडले नाहीत. त्या पाण्यात उभं राहून त्यांनी हजेरी घेतली.

वहीत त्या क्रियापदाचं वाक्य करायचं होतं. मी लिहिलं, अवर हाऊस इज सायटेड निअर द रिव्हर. व्याकरण चोख होतं, तरी वही लाल होऊन परत आली. खाली दोन प्रश्न. कुणी ठेवलं? बरं की वाईट? मी घरी बाबांना विचारलं. आम्ही तेव्हा चोपड्याला आजोबांच्या सामायिक घरात दोन खोल्यांत राहत होतो. बाबा शिवणयंत्रावर वाकलेले होते, मान वर न करता म्हणाले, घर काय, पहिल्यापासून हंयच आसा. मी तेच इंग्रजीत लिहून नेलं. सरांनी खाली लिहिलं, कुठलंही घर पहिल्यापासून तिथं नसतं.

वर्गातल्या एका मुलीनं मैदानातल्या बुडालेल्या घराची गोष्ट घरी सांगितली. तिचे वडील तेव्हाच घर बांधायला काढत होते. त्यांनी सरांना एकदा येऊन जागा बघून जायची गळ घातली. सर गेले, आणि मग जातच राहिले.

त्यांची एक पद्धत होती. एकदा ते मे महिन्यातल्या भर दुपारी येत, एकदा आषाढातल्या पावसात. दोन्ही वेळा जागेवर दगड बघून बसत आणि तासभर काही बोलत नसत. घरमालकाची तोवर घालमेल होई. मग वाड्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला बोलावलं जाई. "माय, हंय पाणी खंयसून येता नि खंय वता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गुरं दुपारची कुठं बसतात, हा दुसरा. मग स्वयंपाकखोली जिथं यायची, तिथं नारळाची सुकी सोडणं पेटवून ते धुराकडं बघत बसत. शेवटी मालकानं त्या जागेवर एकट्यानं तासभर बसायचं, ही अट होती. ज्याच्यानं तिथं तासभर बसवत नाही, तो तिथं जन्म काय काढणार, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं झालं की पिशवीतून किंदळाच्या लाकडाच्या चार खुंट्या निघत. चहा आणि उंडा, म्हणजे गावचा गोल पाव, याहून जास्त काही त्यांनी कुणाकडून घेतलं नाही.

पेडण्यात एका दुकानदाराच्या जागेवर त्यांनी सोडणं पेटवली, तर धूर सरळ शेजारच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, शिरला. दुकानदाराचं नि त्या शेजाऱ्याचं मेरेवरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, सात वर्षं बोलणं नव्हतं. शेजारी खोकत, शिव्या घालत बाहेर आला. सरांनी नमस्कार करून त्याला सांगितलं, तुम्ही जरा तिथंच उभे राहा, मी विस्तव सरकवत जातो, धूर यायचा बंद झाला की सांगा. इतक्या आदबीनं कामाला लावल्यावर माणूस काय करणार? उभा राहिला. पाचव्या पावलाला त्यानं हात वर केला आणि "पुरो" म्हणाला. सात वर्षांत मेरेच्या या बाजूला त्यानं उच्चारलेला तो पहिला बरा शब्द होता. घराच्या वास्तुशांतीला तोच वाढायला पुढं होता.

एकदा बाहेरून आलेले एक गृहस्थ सरांना गाडीतून डोंगरावर घेऊन गेले. त्यांना पश्चिमेकडं सगळ्या काचा हव्या होत्या, सूर्यास्त दिसायला. सर म्हणाले, सूर्यास्त रविवारचा आहे, घराला सोमवारीही राहायचंय. गृहस्थ हसले आणि काचा लावल्या. पहिल्या वैशाखातच काचांना आतून चटया लागल्या. बसमधून जाताना सर त्या चटया बघत नि व्हेरी बॅडली म्हणत, पण त्यात आनंद नसे. वाईट बांधलेलं घर दुरुस्त करता येतं, वाईट ठेवलेलं नाही, असं ते म्हणायचे. चुकीच्या जागी उभं असलेलं घर बघून त्यांना खरंच त्रास व्हायचा. दिवचलीजवळच्या मुळगाव नावाच्या गावातलं त्यांचं बापजाद्यांचं घर उताराच्या तोंडाशी होतं. एका पावसाळ्यात डोंगरावरून लाल चिखल आला तो माजघरात गुडघाभर बसला आणि घर सोडावं लागलं. हे त्यांनी एकदाच सांगितलं. बांधकाम मजबूत होतं, एवढंच पुढं जोडलं.

त्यांच्याजवळ एक वही होती. एकेका घराला इंग्रजीत एकेक ओळ. कुणाचं घर, कुठं ठेवलं, आंब्यापासून किंवा विहिरीपासून किती पावलं, कुणी ठेवलं. ओळीच्या शेवटी जागा कोरी. घरानं तीन पावसाळे काढले की सर जाऊन बघून येत आणि मगच तिथं 'वेल' लिहीत. 'बॅडली' लिहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. मग आमचं घर आलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांना वाटणीत चोपड्याच्याच नदीकडचा एक तुकडा मिळाला. वरच्या अंगाला आंबा, खालच्या अंगाला खाजन शेतांचा, म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतांचा बांध, बांधापलीकडं शापोरा नदी. सर तोवर निवृत्त होऊन मुळगावला गेले होते. मी निरोप पाठवला, सर आले. मे महिन्यात बसले, आषाढात बसले. शेजारच्या गोकुळाकाकीला पाणी विचारलं, तिनं हात करून दाखवलं. दसऱ्यानंतर आमचा गवंडी बाबलो मेस्त मोकळा झाला तेव्हा सरांना ताप होता, पण मेस्त पुन्हा कधी मिळेल याचा नेम नसतो म्हणून ते तसेच आले. मफलर गुंडाळून त्यांनी पावलं मोजली, आंब्यापासून बावीस, खुंट्या ठोकल्या, आणि तिथूनच परत गेले. तो ताप टायफॉइड निघाला. महिनाभर ते अंथरुणातून उठले नाहीत.

उठून ते आले तेव्हा जोतं पुरं होऊन चिऱ्यांच्या भिंती खांद्याला लागल्या होत्या. सर हसत आले. सवयीनं आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून चालू लागले. बावीसला थांबले. भिंत पुढं होती. तीसला भिंत लागली. पुन्हा आंब्याशी गेले, पुन्हा मोजलं. मी चहा घेऊन उभी होते, पण त्यांनी कपाकडं बघितलंसुद्धा नाही. घर त्यांनी म्हटल्याहून आठ पावलं बांधाकडं, म्हणजे पाण्याकडं सरकलं होतं.

बाबलो मेस्त म्हणाला, खुंट्यो आसल्यो थंयच खणलंय. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. सर जोत्यावर टेकले आणि बाबांना म्हणाले, तापात माझं मोजमाप चुकलं, तुमचं घर मी वाईट ठेवलं. बाबांनी ते हसण्यावारी नेलं. आठ पावलांनी काय होतंय, सर. सरांनी मान हलवली. जाताना खुंट्यांची पिशवी मात्र आठवणीनं नेली, आणि त्यानंतर कुणाच्याही जागेवर जायचं बंद केलं. कुणी बोलवायला गेलं की सांगत, आता नजर गेली. नजर शाबूत होती. बसमधून लांबची पाटी ते वाचून दाखवत.

आमच्याकडे मात्र ते येत राहिले. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा बांध फुटायची भीती. त्या दिवशी मुळगावहून तीन बस बदलून, छत्री घेऊन, सर आमच्या दारात हजर. बाल्कांवातल्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, बांधाकडं तोंड करून बसत. भरती उतरेपर्यंत हलत नसत. बाबांना आधी आवडे, मग त्यांना अवघडल्यासारखं व्हायला लागलं, मग बाबा वारले, तरी सर येतच राहिले. अकरा वर्षं. मला एव्हाना पंचायतीत नोकरी लागली होती. उधाणाच्या दिवशी घरी आले की सोप्यावर छत्री बघून मला कधी कधी राग यायचा. आपल्या घरावर कुणीतरी आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा पहारा करतंय, हे सुखाचं नसतं.

आई त्यांचं करायची ते मात्र बघण्यासारखं. साध्या चहाचे उंडे-भाजी झाले, उंड्यांच्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या झाल्या. सर आले की ती घाईघाईनं पदर सारखा करून आत पळायची आणि चुलीपुढून हलायची नाही. मी चेष्टा करायची, की गावच्या देवालाही तू एवढा नैवेद्य दाखवत नाहीस. ती हसायची नाही.

मग तो श्रावण आला. अमावास्येची भरती, वरून चार दिवस पाऊस, आणि सकाळी अकराच्या सुमाराला बांधाला खांड पडली. सर सोप्यावरच होते. बैल सुटावा तसं पाणी खाजनातून आत घुसलं आणि अंगणाकडं निघालं. सर छत्री टाकून उतरले आणि पोटरीभर पाण्यात पायऱ्यांशी जाऊन उभे राहिले, जणू ते पाणी हातानं अडवणार होते. पहिली पायरी बुडाली. दुसरीला पाणी लागलं. सर वाकून जोत्याच्या चिऱ्यांवर हात फिरवत होते. तेवढ्यात वरच्या वाड्यावरचे वीस-पंचवीस गडी आंब्याखालून, आमच्या घराच्या मागून, गवतातून धावत आले. डोक्यावर तणाचे भारे, बांबू, चिखलाची घमेली. डांबरी रस्ता बुडाला होता, म्हणून ते सरळ उतरले. अर्ध्या तासात त्यांनी खांड बुजवली. पाणी दुसऱ्या पायरीवरून परत फिरलं. आमच्या जोत्याला सात पायऱ्या आहेत.

घरात थेंब आला नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी पायरीवर बसून रडले. सर मात्र चिखलात उभे होते. आईला म्हणाले, "शालिनीबाय, माका माफ कर." ओले कपडेही न बदलता ते बसला गेले.

त्या दुपारी आई जेवली नाही. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा भांडी घासता घासता बोलली. सरांनी खुंट्या ठोकल्या त्या संध्याकाळी गोकुळाकाकी कुंपणाशी आली होती. काकी म्हणाली, घर देवचाराच्या वाटेत येतंय. देवचार म्हणजे आमच्या गावाचा राखणदार. हातात काठी नि चूड घेऊन तो रोज वरच्या वाड्यावरून उतरतो, आंब्याखालून तिरका बांधाकडं जातो, मानस नीट बंद आहे ना बघतो. मानस म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची फळी. त्याच्या वाटेत भिंत घातलेली त्याला चालत नाही. सरांना का नाही सांगितलंस, आईनं विचारलं. काकी म्हणाली, त्यानं पाणी विचारलं, मी पाणी सांगितलं.

बाबा असल्या गोष्टी हसण्यावारी नेत. सर तापानं फणफणलेले. आईनं सकाळी उजाडताच, मेस्त यायच्या आत, चारी खुंट्या उपटून आठ पावलं खाली सरकवल्या आणि वाट मोकळी केली. पण बांध जवळ आला हे तिलाही दिसत होतं. मग मेस्त आल्यावर तिनं सांगितलं, सरांचा निरोप आहे, जोतं दोन फूट चढवा. चिरे जास्त लागले म्हणून बाबा कुरकुरले ते मला आठवत होतं.

मी संतापले. अकरा वर्षं, मी म्हटलं, अकरा वर्षं तो माणूस तीन बस बदलून येतोय, त्यानं आपलं आवडीचं काम सोडलं, आणि तू त्याला पातोळ्या वाढतेस? आई म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण सरांच्या नावानं खोटं बोलले होते. शिकलेला माणूस, देवचाराचं ऐकून काय म्हणेल वाटलं. मग एक पावसाळा गेला, दुसरा गेला. जितका उशीर झाला तितकं तोंड उघडेना. तिच्या हातातलं भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं, ती घासतच होती. माझा राग तिथं ओसरला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मुळगावला गेलो. सर पुतण्याच्या घरी मागच्या खोलीत राहत. परसात मिरच्यांचा वाफा होता आणि वाफ्याच्या चार कोपऱ्यांना दोरी ताणायला किंदळाच्या चार खुंट्या रोवलेल्या होत्या. आईनं त्या ओळखल्या. सरांनी बसायला कदेल, खुर्ची, पुढं केली, पण आई बसली नाही. उभ्यानंच म्हणाली,

"सर, त्यो खुंट्यो मियां हालयल्यो. तुमच्या तापाचो दोष नाय."

मग तिनं सगळं सांगितलं. देवचार, काकी, पहाट, मेस्ताला दिलेला खोटा निरोप, दोन फूट. काही गाळलं नाही. सर ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा लावला नाही.

"म्हणजे मी मोजूक चुकाक नाय?"

"नाय. तुमची बावीस पावलां बरोबर होती."

सर वाफ्यातल्या खुंट्यांकडं बघत बसले. जागेवर दगडावर बसायचे तसे. आई पदराचं टोक पिळत उभी होती आणि मला वाटत होतं, आता ते रागावतील तर बरं, निदान संपेल. सरांचा चेहरा मात्र हळूहळू सैल होत गेला. इतक्या वर्षांत तो किती आवळलेला होता हे मला तेव्हा कळलं. ते हसायला लागले. आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुतण्याची बायको दारात येऊन बघून गेली.

मग एकदम थांबले. आईला विचारलं, त्या दिवशी गडी कुठून धावत आले? आई म्हणाली, आंब्याखालून. घराच्या मागून? हो. सरांनी तिथंच बोटानं जमिनीवर आखलं. हा आंबा, हा बांध, हे बावीस पावलांवरचं त्यांचं घर. त्यांच्या बोटानं ओढलेली धावणाऱ्या माणसांची रेघ नेमकी त्या घराच्या भिंतीला येऊन लागली. ते घर तिथं असतं, कुंपण-गोठ्यासकट, तर गड्यांना पूर्ण वळसा घालून यावं लागलं असतं, आणि तोवर खांड हातभर राहिली नसती.

"मी पाणी विचारलंय, वारो विचारलंय, गोरवां विचारलंय," सर म्हणाले. "माणसां खंयसून धावतत, ता विचारूक नाय."

त्यांनी आतून वही आणली. आमची ओळ अकरा वर्षं शेवटी कोरीच होती. बॅडली लिहायला हात धजला नाही, वेल लिहायला मन झालं नाही, असं ते म्हणाले. त्यांनी आपलं नाव खोडलं, बावीसचे तीस केले, आणि सावकाश वळणदार अक्षरात लिहिलं, सायटेड बाय शालिनी. मग पेन तसंच धरून आईकडं बघितलं. आईला इंग्रजी येत नाही. मी तिला अर्थ सांगितला, की सर विचारताहेत, बरं ठेवलंस की वाईट. आई गोंधळली. असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"बरां ठेवलंय," ती म्हणाली, अगदी हळू.

सरांनी वेल लिहिलं आणि खाली रेघ ओढली. आम्ही निघालो तेव्हा ते परसात होते. मिरच्यांची दोरी सोडून त्यांनी एकेक खुंटी उपटली आणि विहिरीवर नेऊन घासून धुतली. त्यानंतर त्यांनी आणखी दोन घरं ठेवली, एक पेडण्यात नि एक तिथंच मुळगावात. म्हाताऱ्या बायांना ते आता एक प्रश्न जास्त विचारत, असं कानावर आलं. राखणदाराची वाट कुठून जाते, हा. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात ते गेले.

आता माझ्या टेबलावर घरांच्या परवान्यांच्या फायली येतात. नकाशातलं घर बहुतेक वेळा प्लॉटच्या मधोमध असतं. माझ्या हातात काही नसतं, पण मी समोरच्याला पाणी कुठून येतं ते विचारते, आणि माणसं कुठून जातात तेही. तो घड्याळाकडं बघतो.

मुळगावच्या त्या रविवारनंतर सर आमच्याकडे आले ते एकदाच, त्याच वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला. उधाण होतं. छत्री कोपऱ्यात ठेवून ते सोप्यावर बसले, आणि मी बघतच राहिले, कारण ते बांधाकडं पाठ करून बसले होते. तोंड घराकडं. उंडा मोडून भाजीत बुडवून चवीनं खात होते. मागं पाणी चढत होतं. आईनं दारातून विचारलं, सर, आज बांद बघूक नाय?

सरांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"घर तुजां," ते म्हणाले. "तू बघ."

आई बाहेर आली, पदर खोचला, आणि त्यांच्या शेजारी बांधाकडं तोंड करून बसली. सरांनी दुसरा उंडा मागितला.